आरतीची वेळ

(१ मे रोजी मंडळाच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज एक मे. महाराष्ट्र दिन म्हणून आपण दरवर्षी इथे जमतो, दोन-चार गाणी होतात, श्रीखंड-पुरी होते आणि आपण घरी जातो. याच तारखेला कामगार दिनही असतो, हे आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी छापले गेल्याचे आम्हाला आठवत नाही. यंदा ज्येष्ठ मंडळींपैकी कोणी तरी बोलावे असे अध्यक्षांनी सुचवले, तेव्हा आम्ही सहा-सात जणांनी बसून ठरवले की त्या दुसऱ्या एक मेविषयी बोलू. उभा एक जण असला तरी मजकूर सगळ्यांचा आहे. चुकाही वाटून घेऊ.

सुरुवात आरतीपासून करतो. आपल्या उत्सवात रात्रीची आरती पूर्वी साडेसातला होत असे. मग ती आठला झाली, मग साडेआठला. गेल्या वर्षी ती साडेनऊला होती. वेळ पुढे ढकलण्याचा ठराव दरवेळी एकमताने मंजूर झाला, कारण सगळ्यांचे दुखणे एकच होते. मुलगा, सून, जावई कामावरून आलेले नसत. गेल्या वर्षी साडेनऊलाही तबक हातात घ्यायला आम्हीच होतो. तरुण मंडळी आली होती, नाही असे नाही, पण एक जण मंडपाच्या मागे कानाला फोन लावून उभा होता आणि एक जण प्रसादाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. आम्हाला आधी राग आला. नंतर त्याचा चेहरा पाहिला आणि राग गेला.

या शहरात कामाची वेळ सगळ्या गावाला ऐकू येत असे, हे तरुणांना सांगायला हवे. मालवा मिल, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण, भंडारी या मिलांचे भोंगे वाजत. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई आणि घरोघरी बायका चुलीवर भात चढवीत. त्या नोकरीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. कापसाचा पुंजका नाकातोंडात जाई, साचेखात्यात काम केलेल्यांना उतारवयात ऐकू येत नसे. पण भोंगा एक गोष्ट स्पष्ट सांगत असे की आता काम संपले. आज हा भोंगा नाही.

तो भोंगा फुकट मिळालेला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असेल-नसेल. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झाल्यास भरपाई. आज हा अर्ज वाचला तर वाटते, किती थोडे मागितले होते! पण रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी मालकांनी मान्य करायला १८९० साल उजाडले. आपण रविवारी सकाळी पोहे खात वर्तमानपत्र वाचतो, ती सवड या अर्जातून आलेली आहे.

त्यातल्या ‘सूर्यास्तापर्यंत’ या शब्दाशी आम्ही बराच वेळ थांबलो. तेव्हा अंधार पडला की काम आपोआप थांबत असे. पुढे १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस एकदम चौदा-पंधरा तासांचा झाला. ज्याला आपण प्रगती म्हणतो त्या दिव्याने कामगाराची संध्याकाळ नेली. त्यावर ओरड झाली, आयोग बसला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. हा शेवटचा टप्पा आला तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ पासून मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आपले इंदूर होळकर संस्थानात, त्यामुळे इंग्रजी मुलखातला कायदा इथे थेट लागू नव्हता, पण स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा सगळ्यांना एकच झाला.

म्हणजे संध्याकाळ परत मिळवायला चाळीस वर्षे लागली. मोबाईल हा आजचा विजेचा दिवा आहे. तो आला, संध्याकाळ गेली, आणि ती परत आणण्यासाठी अजून कोणी अर्ज लिहायला बसलेले दिसत नाही. उलट इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, आणि २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोलणे गाजले. आमच्यातल्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी लगेच भागाकार केला. रविवार धरूनही रोज जवळपास तेरा तास. इंग्रज सरकारने १९२२ साली घातलेली मर्यादा याच्या दोन तृतीयांश होती.

आता काटकसरीकडे येतो. हा शब्द आपल्या घरात फार मानाचा. आईने दिवाळीचे फटाके अर्धे आणले तर ती काटकसर आणि त्यात ती स्वतःची साडीही घेत नसे. म्हणून कचेरीत हा शब्द ऐकला की आपण चटकन मान डोलावतो. आमच्यातले तिघे बँकेत होते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि देशभरात सुमारे एक लाख माणसे एकदम बाहेर पडली. बाहेर पडणाऱ्यांना पेढे मिळाले, राहिलेल्यांना त्यांची टेबले. आमच्या एका शाखेत चौदा माणसे होती, ती पाहता पाहता सहावर आली. खातेदार कमी झाले नाहीत. त्याच सुमारास एक परिपत्रक आले की दुपारी जेवणाच्या वेळी पंखे बंद ठेवावेत आणि चहावाल्याचे महिन्याचे खाते बंद करावे. पंख्याचे आम्ही ऐकले. चहाचे पैसे आपसात गोळा केले, कारण चहावाल्याने काय करायचे? पण वरच्या मजल्यावरच्या बैठका हॉटेलात होत राहिल्या. काटकसर जिन्याने खाली उतरते, वर चढताना तिला धाप लागते, असे आमचे रोखपाल म्हणत.

देशाची काटकसरही अशीच जिन्याने खाली आली. १९९१ च्या जुलैत परकीय चलन संपत आले म्हणून सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवले गेले, रुपयाचे अवमूल्यन झाले, २४ जुलैला नवे अंदाजपत्रक आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपली हुकुमचंद मिल बंद पडली. एकामुळे दुसरे झाले असे म्हणणे खरे नव्हे. आपल्या मिला त्याआधीच आजारी होत्या, यंत्रे जुनी झाली होती. पण बंद मिलच्या कामगाराला उभे राहायला हात देण्याची वेळ आली तेव्हा तिजोरीत पैसे नाहीत हे उत्तर तयार होते. पाच हजारांहून अधिक कामगारांचे हक्काचे पैसे अडकले. त्यांनी किती वर्षे वाट पाहिली? बत्तीस. २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला. तोवर त्यांतले दोन हजारांच्या वर कामगार वारले होते. आणि त्या सगळ्या काळात मिलची साडेबेचाळीस एकर जमीन शहराच्या मध्यभागी दरवर्षी महाग होत होती. जमिनीची किंमत वाढायला कामगार लागत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले.

दरी म्हणतात ती हीच असावी. २०२४ साली वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी काढलेला हिशेब सांगतो की २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे होता. हे परक्यांचे आकडे म्हणून कोणी नाक मुरडेल, तर सरकारचाच २०२४-२५ चा आर्थिक पाहणी अहवाल घ्या. २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या मात्र १.५ टक्क्याने. नफा वाढला म्हणजे काम वाढले, आणि माणसे तेवढी वाढली नाहीत. मग ते काम गेले कुठे? आमच्या मते ते साडेनऊच्या आरतीच्या मागे, लॅपटॉप उघडून बसले होते.

शरीराचे काय होते तेही मोजले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितले की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हे वाचल्यावर आमच्यातल्या एका वहिनींनी त्या रात्री मुलाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता.

मुले म्हणतात, काका, आम्हाला कायदा लागत नाही, आम्ही ‘मॅनेजर’ आहोत. हाताखाली किती माणसे? एकही नाही. या गमतीचा उगम औद्योगिक विवाद कायद्यात आहे. व्यवस्थापक त्या कायद्याने कामगार नव्हते, आणि देखरेखीचे काम करणारा ठरावीक पगाराच्या वर गेला की तोही नसे. ही पगाराची रेघ बरीच वर्षे महिना १,६०० रुपयांवर होती, २०१० मध्ये ती १०,००० झाली आणि नव्या संहितेत १८,००० आहे. पण न्यायालये आजवर पाटी पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहतात. तेव्हा मुलांनो, नेमणुकीच्या पत्रावर छापलेल्या मोठ्या हुद्द्याने एवढे हुरळून जाऊ नका. तो हुद्दा कधी कधी ओव्हरटाइमच्या बदल्यात दिलेला असतो.

आपल्यात दुकानदार आहेत, छोटे कारखानदार आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. मोठा गिऱ्हाईक चार-चार महिने बिल देत नाही, मग पगार कुठून द्यायचा? हे खरे आहे, आणि त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

भांडण आमचे आमच्याशीच आहे. ते सांगायलाच खरे तर हा माईक घेतला.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचा खर्च वाढला म्हणून कार्यकारिणीने काटकसरीचा ठराव केला. आपल्या सभागृहाला दोन चौकीदार होते, त्यांतला एक कमी केला. त्या ठरावावर आमच्यातल्या चौघांच्या सह्या आहेत. उरलेल्या चौकीदाराला आम्ही सांगितले, थोडे सांभाळून घ्या. त्याने घेतले. उत्सवाच्या दहा दिवसांत तो पहाटे पाचला फाटक उघडतो, फुलवाल्याला आत घेतो, आणि रात्री शेवटची सतरंजी गुंडाळून साडेबाराला कुलूप लावतो. हे तास मोजायला गणिताचे सर लागत नाहीत. त्या वर्षी उद्घाटनाला मालिकेतल्या कलाकाराला बोलावले होते. त्याचे मानधन काटकसरीच्या यादीत नव्हते. स्मरणिकेचा चकचकीत कागदही नव्हता. यादी करताना आमच्या डोळ्यांना पहिल्यांदा चौकीदारच दिसला.

महिन्यापूर्वी आम्ही त्याच्याशी बोललो. पगार वाढवा असे तो म्हणाला नाही. त्याचे वडील एका मिलमध्ये साचेखात्यात होते. मिल बंद झाली तरी कामगारांनी वर्गणी गोळा करून अनंत चतुर्दशीची झांकी काढणे सोडले नाही, हे आपण सगळे जाणतो. शंभर वर्षांची ती परंपरा या शहराचा अभिमान आहे. वडील असेपर्यंत तो लहानपणापासून त्या झांकीच्या गाडीबरोबर रात्रभर चालत असे. आपल्याकडे नोकरीला लागल्यापासून त्याने झांकी पाहिलेली नाही, कारण त्या रात्री आपलेही विसर्जन असते आणि परत आलेले सामान आत घ्यायला कोणी तरी हवे असते. एवढेच त्याने सांगितले, आणि लगेच म्हणाला, चालतंय साहेब, काही नाही.

आम्ही कार्यकारिणीला लेखी अर्ज दिला आहे. दुसरा चौकीदार परत नेमावा. उत्सवात आठ तासांपलीकडचे काम होईल त्याचे पैसे द्यावेत, जादा कामाला कारखाना कायद्यात होता त्या दुप्पट दराने. आठवड्याची सुट्टी द्यावी, आणि ती कागदावर नोंदवावी. पैसे कुठून, हे विचारले जाणारच. यंदा कलाकार बोलावू नये, उद्घाटन आपल्यातल्याच एखाद्या नव्वदीच्या आजींच्या हस्ते करावे, आणि कमी पडले तर सही करणाऱ्या आम्ही चौघांनी भरावे, असे अर्जात लिहिले आहे. सर्वसाधारण सभेत तो अर्ज येईल. विरोध असेल त्यांनी तिथे बोलावे, मंडपामागे नको.

आणि आरती यंदा आठ वाजता ठेवावी, असेही सुचवले आहे. ज्यांना यायचे आहे त्या मुलांनी त्या दहांपैकी एक दिवस तरी वरिष्ठांना सांगून निघावे. काय उत्तर मिळते ते आम्हाला कळवावे. तेही पुढल्या स्मरणिकेत छापू, नाव न घालता.

अनंत चतुर्दशीला सभागृहाच्या किल्ल्या आमच्यापैकी दोघे घेणार आहेत. सामान आत घ्यायला आणखी चार हात लागतील. सतरंज्या जड आहेत, तेव्हा पाठीचा त्रास असलेल्यांनी नावे देऊ नयेत. बाकीच्यांनी आज जाताना दाराजवळच्या वहीत लिहून जावे.