नळापासून पेल्यापर्यंत



पश्चिम महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शहरांत ‘पाणी आले’ ही दोन शब्दांची वार्ता गल्लीत फिरली, की घरोघरचा दिनक्रम बदलतो. वेळ पहाटे तीनची असो वा भर दुपारची. घागरी, कळशा, पिंपे, बॅरल यांची एकच धावपळ उडते. कुठे मोटर घरघरते, कुठे गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते. आणि याच वेळी, गेल्या खेपेचे उरलेले स्वच्छ पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. स्वयंपाकघरातील या विचित्र विधीवर कोणत्याही पाणीटंचाईचा परिणाम झालेला नाही.

इचलकरंजीचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि एका संस्थानी गावाचे वस्त्रनगर झाले. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर होती. 2022 मध्ये तेथे महानगरपालिकाही आली. गावाच्या कडेने पंचगंगा वाहते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेतील गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत कोल्हापूरचे सांडपाणी, कारखान्यांची मळी आणि कापड रंगविणाऱ्या प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी तिच्यात मिसळत आले. दारची नदी विश्वासाची उरली नाही, म्हणून मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणावे लागले. त्या जलवाहिनीला वारंवार गळती लागू लागली, तेव्हा वारणेचा विचार पुढे आला. त्याला दानोळी परिसरातून विरोध झाला. पुढे दूधगंगेवरील सुळकूड योजना आली, तिला कागल परिसरातून विरोध झाला. विरोध करणारेही शेतकरी कुटुंबांतलेच होते आणि त्यांची चिंताही खोटी नव्हती. पण ज्या नगराने स्वतःच्या नदीची निगा राखली नाही, त्याला दुसऱ्याच्या नदीकडे हात पसरावा लागतो, हे या साऱ्या इतिहासातून उघड दिसते.

2012 च्या उन्हाळ्यात या शहरात काविळीची मोठी साथ पसरली. हिपॅटायटिस ‘ई’ या विषाणूची ही कावीळ होती. हजारो नागरिक आजारी पडले, अनेक कुटुंबांनी आपली माणसे गमावली. नदीचे प्रदूषण आणि जीर्ण जलवाहिन्या या दोहोंकडे तेव्हा बोट दाखविले गेले.

या विषाणूचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे, कारण तो नागरिकांना आणि प्रशासनालाही सहज चकवतो. शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे, बहुधा पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे रुग्णालयाच्या खाटा भरू लागतात, तेव्हा ज्या पाण्याने घात केला ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. नगरपालिका घाईघाईने नमुने घेते, अहवाल ‘पिण्यास योग्य’ येतो आणि लोक म्हणतात की अहवाल खोटा आहे. अहवाल बहुधा खराच असतो. तो फक्त आजच्या पाण्याचा असतो आणि रोग महिन्यापूर्वीच्या पाण्याचा. गळती लागल्याबरोबर ती बुजवायची असते, कावीळ दिसल्यानंतर नव्हे, याचे कारण हेच आहे.

देशाच्या राजधानीनेही हा धडा फार पूर्वी घेतला आहे. 1955 च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेच्या पुराने प्रवाहाची दिशा बिघडली आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजीराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आले. केंद्रातील अधिकाऱ्यांना ते कळले. त्यांनी तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढविली. त्याचा परिणाम असा झाला, की विषमज्वर वाढला नाही, जिवाणू मेले. परंतु विषाणू तगला. त्या हिवाळ्यात सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू हिपॅटायटिस ‘ई’ होता, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कित्येक वर्षांनी निश्चित झाले. गढूळ आणि मैलामिश्रित पाण्यात केवळ पावडरीची मूठ वाढवून भागत नाही. आधी गाळणे, मग क्लोरीन, हा क्रम चुकविता येत नाही.

ही कावीळ बहुतेकांची विश्रांतीने, काही आठवड्यांत, आपोआप उतरते. म्हणूनच झाडपाल्याचा रस, गळ्यातील माळ, हातावरचा उतारा या सर्वांना यशाचे श्रेय मिळत राहते. निरोगी तरुणाच्या बाबतीत त्यात फारसे बिघडत नाही. गर्भवती स्त्रीची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत हीच कावीळ झाली, तर शंभरातील वीस-पंचवीस स्त्रियांपर्यंत मृत्यू ओढवू शकतो. माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीचे डोळे पिवळे दिसले, तर माळ घालण्यात दोन दिवस घालविणे हा परंपरेचा आदर नव्हे. तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

आता प्रश्न असा, की शुद्धीकरण केंद्रातून चांगले निघालेले पाणी वाटेत बिघडते कसे? उत्तर पाणी नसलेल्या तासांत दडलेले आहे. नळात दाब असतो तोवर फट पडली तरी पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पाणी बंद झाले, की नळी रिकामी होते आणि आजूबाजूच्या गटारातील ओल त्याच फटीतून आत झिरपते. आपल्या जुन्या गल्ल्यांत घराकडे येणारी लोखंडी नळी कित्येकदा गटार ओलांडून, काही ठिकाणी तर गटारातूनच येते. ती आतून-बाहेरून गंजते. त्यातच कोणी नळाला थेट मोटर जोडली, की ती मोटर केवळ शेजाऱ्याचे पाणी ओढत नाही; रिकाम्या नळीतील गटारही ओढते आणि ते पहिल्यांदा तिच्याच मालकाच्या टाकीत पडते. या कृत्याला कायद्याने मनाई आहे, हे सर्वांना ठाऊक असते. आपण नेमके काय पितो, हे मात्र त्या घरालाही ठाऊक नसते. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटांची धार पिण्यासाठी भरू नये. ती धुण्याभांड्यांना, झाडांना वापरावी.

तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घराला साठवण करावीच लागते. ही साठवण एकटी येत नाही. तिच्यामागून डास येतो, वीज येते, रसायन येते आणि अंगणातला हौद येतो. पाण्याची गुणवत्ता आणि घराची सुरक्षितता हे दोन विषय वेगळे मानण्याची सवय आहे. प्रत्यक्षात ते एकाच अनियमित नळातून निघतात.

डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, स्थिर, घरातलेच पाणी लागते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून, कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ सांगितला जातो. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. ‘शिळे’ पाणी ओतून देणारी गृहिणी अर्धे काम करते. ती घासत नाही, म्हणून पाणीही जाते आणि डासही राहतो.

क्लोरीनबाबतही घरात मोठे गैरसमज आहेत. नळाच्या पाण्याला येणारा औषधाचा किंचित वास हा दोष नसून पाण्याबरोबर चालणारा पहारेकरी आहे. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) ग्राहकाच्या नळाशी पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे आणि मलजन्य जिवाणू 100 मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. हा शिल्लक क्लोरीन ओटी चाचणीने दोन मिनिटांत कळतो. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, न आला तर पहारा उठला आहे. टाकीत हजार लिटर पाणी असेल तर पाच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर पुरते. ती थेट न टाकता बादलीभर पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत सोडावे आणि अर्धा तास थांबावे. टीसीएल ओलाव्याने आणि उघडी राहिल्याने निकामी होते. गतवर्षीच्या उघड्या पुडीवर विसंबण्यात अर्थ नाही.

हीच पावडर घरात धोक्याचीही ठरते. न्हाणीघराची फरशी उजळावी म्हणून कोणी ॲसिड ओततो आणि त्यावर टीसीएल भुरभुरतो. या दोहोंतून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना जाळतो. ही दोन द्रव्ये एका कपाटातही ठेवू नयेत. थंड पेयाच्या जुन्या बाटलीत ॲसिड भरून ठेवण्याची सवय तर किती मुलांच्या घशाशी आली असेल, याचा हिशेब नाही.

अंगणातील जमिनीखालच्या टाकीचे झाकण हा असाच दुर्लक्षित विषय. चालू लागलेले मूल आणि पत्र्याने झाकलेला हौद यांची गाठ पडायला दोन मिनिटे पुरतात. झाकण जड, बसते आणि कुलूप लागणारे असावे. टाकी धुण्यास माणूस उतरण्यापूर्वी ती बराच वेळ उघडी ठेवून पंख्याने हवा खेळवावी, आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर एक माणूस जागता असावा. बेशुद्ध पडलेल्याला काढण्यासाठी दुसरा भाऊ घाईने उतरतो आणि एका घरात दोन तिरड्या उठतात. धाडस मोठेच, परंतु त्या क्षणी दोर ओढणे आणि अग्निशामक दलाला बोलाविणे हेच खरे शौर्य असते.

पाण्याच्या मोटरीचेही तसेच. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून, वायरीचे जोड चिकटपट्टीने गुंडाळलेल्या मोटरीत पाणी भरताना धक्का बसतो. घरात एमसीबी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. एमसीबी तारा वाचवते. माणसाला वाचविण्यासाठी 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारे ईएलसीबी वा आरसीसीबी बसवावे लागते आणि अर्थिंग खरे असावे लागते. बादलीतील हीटरच्या कांडीचेही तेच. पाण्यात बोट बुडवून गरमपणा पाहण्यापूर्वी पिन काढलेली असली पाहिजे. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने मात्र कोणतीही सूचना न देता तरुण माणसे नेली आहेत. अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. असा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत असावा. थंडी येते म्हणून झरोक्याला कागद चिकटविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या साऱ्यावर उपाय म्हणून मध्यमवर्गीय घराने आरओ यंत्र भिंतीला लावले आहे. ज्या गावी पाणी खारे, फ्लोराइडयुक्त वा नायट्रेटचे आहे, तेथे ते उपयोगी आहे. नदीच्या गोड्या पाण्याला, ज्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत आहेत, त्याची गरज बहुधा नसते. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशा ठिकाणी त्याच्या वापरावर बंदीचा आदेश दिला होता. एक पेला देऊन दोन-तीन पेले मोरीत सोडणारे यंत्र पाणीटंचाईच्या गावी लावताना संकोच वाटला पाहिजे. शिवाय त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ते उघड्या भांड्यात ठेवून त्यात हाताची बोटे बुडाली, तर हजारो रुपयांचे शुद्धीकरण तेथेच संपते. तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवण्याच्या प्रथेची प्रयोगशाळेत परीक्षा झाली आहे आणि अतिसाराचे काही जिवाणू त्यात मरतात, असे आढळले आहे. आजीचे म्हणणे एवढ्यापुरते खरे ठरले. काविळीच्या विषाणूसाठी त्यावर विसंबता येणार नाही. साथीच्या दिवसांत खळखळून उकळलेले पाणी, झाकलेला माठ आणि लांब दांड्याचे ओगराळे यांना तोड नाही.

हे सारे घराच्या हातातले. नगराच्या हातात काय असते, ते कऱ्हाडजवळच्या मलकापूरने दाखविले. कोयनेच्या पाण्यावरील या छोट्या नगराने 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठा सुरू केला. नव्या प्लॅस्टिक नळ्या टाकल्या, प्रत्येक जोडणीला मीटर बसविले, वापराप्रमाणे आकारणी ठेवली. नळी सदैव भरलेली, म्हणून गटाराला आत यायला वाव नाही. नळ सदैव चालू, म्हणून घरात बॅरल साठविण्याचे कारण नाही. मोठ्या शहरांतून लोक ते पाहायला गेले. मीटरला विरोध तेथेही झाला असता. परंतु बिलाचा हिशेब आणि दवाखान्याचा हिशेब शेजारी ठेवून पाहिला, तर वाद फार लांबत नाही.

प्रत्येक प्रभागात हे एका वर्षात होणार नाही. परंतु गल्लीतील शेवटच्या नळाला शिल्लक क्लोरीन किती आहे, हा प्रश्न कोणीही नागरिक उद्या सकाळी विचारू शकतो. जलकुंभाजवळच्या नळाचा अहवाल कामाचा नाही. रोग बहुधा शेवटच्या टोकाला सुरू होतो. ओटी चाचणीचे द्रावण स्वस्त आहे. शाखेतील चार तरुण आणि महिला मंडळातील चार भगिनी यांनी पाणी येण्याच्या दिवशी आपल्या गल्लीतील पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन नळ तपासावेत, वहीत तारीख घालून नोंद करावी. सलग दोन वेळा पिवळा रंग आला नाही, तर ती वही घेऊन पाणीपुरवठा अभियंत्याकडे जावे. जूनच्या पहिल्या पावसात गटारे तुंबण्यापूर्वी या नोंदींची किमान चार पाने भरलेली असावीत.