आजीची भाषा, नातवाची भाषा: अंगोलाचे किंबुंदू

आज मी तुम्हाला आफ्रिकेत, अंगोलाला नेतोय. 'न्गोला' ही किंबुंदू भाषकांच्या राजाची पदवी. देशाचं नाव त्यावरूनच पडलं. त्यांच्या न्झिंगाने १६२२ मध्ये लुआंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे राणी झाल्यावर ती पोर्तुगीजांशीच कित्येक वर्षं लढली! आज बहुतेक जण ख्रिस्ती आहेत, पण पूर्वजांचा मानही अनेक जण राखतात.

१९२१ मध्ये पोर्तुगीजांनी शाळांतून स्थानिक भाषा हद्दपार केल्या. गोव्यात कोंकणीविरुद्धचं फर्मान तर १६८४ चं. आज लुआंडातल्या कितीतरी मुलांना पोर्तुगीजच येते, आजीची किंबुंदू नाही. म्हणून ती शाळेत हवी.

आणि तुमची आजी कुठली बोली बोलते? आजच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटूया!