मोटारसायकलवरून मुक्कामाला निघण्याआधी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. आपल्या चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "माघात तुम्ही यजमानांबरोबर मोटारसायकलवरून तंबू घेऊन गेलात ना, त्यावर दोन शब्द बोला." आता प्रवासाचे काय सांगायचे? रत्नागिरीहून निघालो नि गुहागरपर्यंत जाऊन आलो. खरी हकीकत आहे ती निघण्याआधीच्या महिन्याची. तीच सांगते.

आमच्या ह्यांना मोटारसायकलचे वेड. मित्रांत बसून लडाखच्या गोष्टी करायचे, पण गेले कधीच नाहीत. मग मला म्हणू लागले, "तूच चल. दोन रात्री बाहेर राहू." मी दोन वर्षे टाळले. कारण भीती. माझ्या धाकट्या जावेचा पदर बाजारातून येताना मागच्या चाकात गेला होता. गाडी हळू होती म्हणून जीव वाचला, पण खांदा निखळला. तेव्हापासून ती गाडीवर बसत नाही. आणि मी बसले तरी एका हातात पदर, एका हातात सीट, नि तोंडात देवाचे नाव.

म्हणून तयारी सुरू झाली ती चाकापासून. मागचे निम्मे चाक झाकील असे काहीतरी गाडीला असलेच पाहिजे, असे १९८९ च्या मोटार वाहन नियमांत सांगितले आहे. आपण त्याला साडी-गार्ड म्हणतो. आमच्या गाडीचे ह्यांनी "शोभत नाही" म्हणून काढून माळ्यावर टाकले होते! मी स्वतः माळ्यावर चढून ते उतरवले, झटकले आणि पुढ्यात ठेवले. म्हटले, "आधी हे बसवा, मग पुढचे बोलू." दुसऱ्या दिवशी बसवून आणले.

दुसरा प्रश्न कपड्यांचा. दोन्हीकडे पाय टाकून बसायचे तर पंजाबी ड्रेस हवा. सासूबाई म्हणाल्या, "ह्या वयात?" मी त्यांना रमाबाई लटपटे यांचे सांगितले. ह्या बाई २०२३ च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून मोटारसायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाल्या होत्या. सासूबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "तिची नऊवारी काष्ट्याची. तुझ्या पाचवारीला काष्टा कुठला? त्यापेक्षा तो ड्रेसच घाल. ओढणी मात्र घरी ठेव." मी थक्कच झाले. भांडायची तयारी करून बसले होते, ती फुकट गेली.

हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही कायद्याने लागते, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? मी दुकानात गेले तर अंबाड्यावर ते बसेचना. मोठे घेतले तर डोक्यात फिरते. शेवटी अंबाडा सोडून मानेवर सैल वेणी घातली आणि मापाचे, आयएसआय छापाचे घेतले. दुकानात जाताना वेणी घालूनच जा, एवढे माझ्यावरून शिका.

सामानाची पहिली यादी मी केली तेव्हा हे हसत सुटले. दोन पातेली, पोळपाट-लाटणे, चार चादरी, उशी, निरांजन, किसणी! "अगं, संसार न्यायचा नाही, दोन रात्री काढायच्या आहेत." मला राग आला. पण गाडीवर बांधून पाहिले तर माझ्यासाठी जागाच उरेना. मग एकेक वस्तू हातात घेऊन विचारले, ही नसली तर काय अडेल? शेवटी राहिले ते एक पातेले, दोन ताटल्या, गॅसची छोटी शेगडी, तंबू, दोन पातळ गोधड्या, औषधे, बॅटरी आणि पाणी.

खायचे घरूनच तयार केले. कुळथाच्या पिठात मीठ, तिखट, वाळवलेली लसूण घालून पुडी बांधली. पाण्यात कालवून दोन आमसुले टाकून उकळले की दहा मिनिटांत पिठी तयार. तांदूळ, मेतकूट, तुपाची लहान बाटली. बाकी वाटेत मिळते.

बांधायचेही एक शास्त्र आहे. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या, नाहीतर वळणावर गाडी ओढते. आम्ही निघण्याच्या आठ दिवस आधी सगळे सामान लादून भाट्याच्या पुलावरून पावसला जाऊन आलो. बरे झाले. एका पिशवीचा कोपरा सायलेन्सरला लागून वितळला. दोर सैल झाले. माझ्या पाठीत शेगडीचा दांडा टोचत होता. वजन वाढले की चाकात हवाही जास्त भरावी लागते, ते त्याच दिवशी पंपावर कळले. ह्यांनी क्लचची जादा वायर आणि पंक्चरचे सामान घेतले, आणि मला पंक्चर काढताना काय धरायचे ते दोनदा दाखवले.

तंबूचीही तालीम अंगणात केली. पण आपले अंगण म्हणजे कातळ! जांभ्यात खुंटी जाईना. हे म्हणाले, वाळूत जाईल. पुढे पाहिले तर वाळूत जाते खरी, पण राहत नाही. तिथे जुन्या पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची, म्हणजे वाऱ्याला दाद देत नाही.

आता सर्वात महत्त्वाचे. समुद्राकाठी झोपायचे तर पाणी कुठवर येते ते कळायला हवे. सासूबाईंचे माहेर खाडीकाठचे. त्यांनी विचारले, "कोणत्या तिथीला निघता?" मी म्हटले, सुट्टी बघून पौर्णिमेच्या सुमारास. "वेडी का तू? पुनवेला उधाण असते. अष्टमीला जा, तेव्हा भांग. पाणी फार चढत नाही." मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता आपल्याकडे भरती. चौथ असली तर तीन वाजता, अष्टमी असली तर सहा वाजता, सकाळी आणि संध्याकाळीही. थोडे मागेपुढे होते. म्हणजे अष्टमीला उजेड असतानाच भरतीची रेघ डोळ्यांनी दिसते. तिच्या वर बरेच अंतर ठेवून तंबू ठोकायचा. तारीख अशी ठरली ती सासूबाईंनी.

घराची तयारी वेगळीच. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वारांच्या पुड्यांत बांधल्या, मुलाला कुकर लावायला शिकवले, जावेला दोन्ही वेळा डोकावून जायला सांगितले. पुरुषांच्या यादीत हे कधी नसते.

निघालो. आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करीत जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली आणि पलीकडे तवसाळला उतरलो. हेदवीला सहाच्या भरतीला बामणघळ पाहिली. भांग असल्यामुळे फवारा बेताचाच उडाला. रात्री ओळखीच्या एका माडांच्या वाडीत, मालकाला विचारून, तंबू ठोकला. दुसरी रात्र गुहागरला, तीही विचारूनच, सुरूच्या बनात. तिथे रात्री किनाऱ्याकडे बॅटरी मारायची नाही, कारण त्या दिवसांत कासविणी अंडी घालायला येतात आणि पिल्ले उजेडाकडे भरकटतात. आम्हाला कासव काही दिसले नाही. कुळथाची पिठी थोडी करपली, पण हे म्हणाले, "घरच्यापेक्षा बरी." ह्याचा मी काय अर्थ घ्यायचा?

परत आल्यावर जाऊ भेटायला आली. गाडीशी उभी राहून साडी-गार्ड हाताने हलवून पाहिले, घट्ट आहे ना ते. मग माझे हेल्मेट उचलले आणि अंबाडा सोडून डोक्यावर घालून पाहिले. मी काहीच बोलले नाही.

सासूबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "काय गो, भरती कितीला होती?"

मी म्हटले, "सहाला दहा मिनिटे कमी होती."

"बघ," त्या म्हणाल्या.

अध्यक्षाबाई घड्याळाकडे पाहत आहेत. तेव्हा मी बसते.