तांबीचा धागा लागेनासा झाल्यास

भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमांत १९६५ सालीं ‘लूप’ आला व पुढें त्याची जागा तांबीनें घेतली. तांब्याची तार गुंडाळलेलें, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचें हें लहानसें साधन गर्भाशयांत जागेवर आहे कीं नाहीं, याची साक्ष त्याचा धागा देत असतो. हा धागा बोटास लागेनासा झाला, कीं घरांत दोन मतें निघतात. एक मत असें, कीं तांबी काळजापर्यंत चढली असेल. दुसरें असें, कीं ती पडून गेली असेल. पहिलें मत निव्वळ भीतीचें आहे. दुसरें अधिक घातक आहे.

बहुतेक वेळीं तांबी जागेवरच असते; केवळ धागा गर्भाशयाच्या मुखांत वर ओढला गेलेला असतो. कधीं ती खरोखरच बाहेर पडते. असें विशेषेंकरून पहिल्या ३ महिन्यांत व पाळीच्या दिवसांत घडतें, आणि तें स्त्रीच्या ध्यानांत येतेंच असें नाहीं. दर १,००० स्त्रियांपैकीं सुमारें एकीच्या बाबतींत मात्र ती गर्भाशयाची भिंत भेदून उदरपोकळींत जाते. उदर व हृदय यांच्यामध्यें श्वासपटलाचा पडदा असल्यामुळें काळजाची चिंता नको. परंतु आंतडें किंवा मूत्राशय यांस इजा होऊं शकते.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम गर्भ राहिला आहे काय, हें पाहावयाचें. कारण तांबी असतांना राहिलेला गर्भ गर्भनलिकेंत असण्याचा संभव अधिक, व तेथें विलंब जिवावर बेततो. नंतर डॉक्टर गर्भाशयाचें मुख तपासतात. पुष्कळदां धागा तेथेंच सांपडतो. न सांपडल्यास सोनोग्राफी करावी. तींत तांबी दिसली नाहीं, एवढ्यावरून ती पडली असा निर्णय करूं नये. संपूर्ण पोटाच्या एक्स-रेंतहि ती आढळली नाहीं, तरच तसें म्हणतां येतें. उदरांत असल्यास ती बहुधा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें काढतात. अर्धवट खालीं सरकलेली तांबी पुन्हां वर ढकलीत नाहींत. ती काढून नवी बसवितात.

निदान होईपर्यंत निरोधासारखें दुसरें साधन वापरावें व धागा स्वतः ओढूं नये. पोटांत तीव्र वेदना, ताप, अतिरक्तस्राव अथवा चुकलेली पाळी यांपैकीं कांहींहि आढळल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. तांबी बसवितांना मिळालेलें कार्ड गृहिणींनीं जपून ठेवावें. त्यावरील तारीख व तांबीचा प्रकार अशा वेळीं फार उपयोगी पडतो.