पाहुणा पडद्यावर असला तरी पाहुणाच



बाहेरून येणाऱ्याला मिरजेने नेहमीच आपलेसे केले आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस परदेशातून आले आणि 1894 मध्ये त्यांनी इथे रुग्णालय उभे केले. मिरज वैद्यकनगरी झाली, तिचा पाया त्यांनी घातला. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेकडून आले आणि अखेर मिरजेचेच झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर गाणे शिकले तेही याच गावात. अशा गावी रोटरी क्लबांची साप्ताहिक सभा आणि सभेतला पाहुणा वक्ता या विषयावर परिषद भरते आहे आणि तिचे यजमानपद आमच्या वाट्याला आले, याचा आम्हाला फार आनंद आहे.

ऑनलाइन सभा ही करोनाच्या काळातली तडजोड होती, असे अनेक क्लबांत अजून बोलले जाते. मला ते मान्य नाही. सुरुवातीपासूनच रोटरीची सभा एका जागेला बांधलेली नव्हती. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन मित्र जमले ते एका मित्राच्या कार्यालयात. पुढच्या सभाही सभासदांच्या कामाच्या जागी आळीपाळीने भरत. रोटरीचा पहिला ई-क्लब, म्हणजे ऑनलाइन भरणारा क्लब, 2002 चा आहे. सभा प्रत्यक्ष घ्यायची, ऑनलाइन घ्यायची की दोन्ही मिळून, हे ठरवण्याची मुभा क्लबांना 2016 मध्येच मिळाली होती. 2020 ची टाळेबंदी आली तेव्हा वाट तयार होती. त्या वाटेने आपण फक्त चालायला लागलो.

त्या वाटेने काय मिळाले? पूर्वी पुण्याचा वक्ता बोलवायचा म्हणजे त्याचा जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडे, आणि बोलायला मिळे जेमतेम अर्धा तास. त्यामुळे आपण जवळपासच्या त्याच चार-पाच जणांना पुन्हा पुन्हा बोलवत राहिलो. आता आपली सभा रात्री आठला सुरू होते तेव्हा लंडनमध्ये दुपार असते आणि कॅलिफोर्नियात सकाळ. तिथला मराठी माणूस आपल्या कामाविषयी आपल्याच भाषेत सांगतो. गुडघे धरलेले, डायलिसिसवर असलेले, मुलांकडे परगावी गेलेले आमचे ज्येष्ठ सभासद पुन्हा सभेत दिसू लागले. ते प्रश्नही विचारू लागले. माझ्या मते या साधनाची सर्वांत मोठी कमाई हीच.

एका सभेविषयी जरा सविस्तर सांगतो. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर आम्ही सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्क कारागिरांना बोलायची विनंती केली. हॉटेलच्या हॉलमध्ये येऊन माईकपुढे उभे राहायला ते तयार नव्हते. “माझी हत्यारं इथं, मी तिथं काय बोलू?” असे त्यांचे म्हणणे. तेव्हा सभाच त्यांच्या दुकानात नेली. एक तरुण सभासद मोबाईल घेऊन त्यांच्याशेजारी बसला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा कसा पारखायचा, तो किती वाळू द्यायचा, हे ते हातात भोपळा घेऊन सांगत होते. स्वराला गुंजन देणारी जवारी काढताना घोडी किती हलक्या हाताने घासायची आणि तारेखाली सूत नेमके कुठे सरकवायचे, हे सर्वांना अगदी जवळून दिसले. हॉलमधल्या शेवटच्या रांगेला ते कधीच दिसले नसते.

या सभेची तालीम आदल्या दिवशी झाली होती, म्हणूनच ती रंगली. तालमीत लक्षात आले की तंबोरा छेडला की पलीकडे काहीच ऐकू येत नाही. सभेचे ॲप पंख्याची घरघर दाबते तसाच तंबोऱ्याचा अखंड स्वरही नको असलेला आवाज समजून दाबून टाकते. ती सोय बंद केली आणि षड्ज सगळ्यांच्या घरी पोचला. पाहुणा ऑनलाइन येणार असेल तर तयारी कमी लागते, हा समज सोडून द्यावा लागेल. ती जास्तच लागते.

दुसरा अनुभव पुराचा. 2019 आणि 2021 चे महापूर सांगली-मिरजेने सोसले. त्यानंतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी आमच्या ऑनलाइन सभेत कोयना धरणाचा विसर्ग आणि कृष्णेची पातळी यांचे गणित उलगडून सांगितले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे आकडे आम्ही दरवर्षी वर्तमानपत्रात वाचत होतो. पण कोणत्या पातळीला कोणत्या वस्तीतून माणसे हलवायला हवीत, कुठली वाट आधी बंद होते, याची चर्चा त्या रात्री पहिल्यांदा झाली. नदीकाठच्या गावांतले रोटेरियन नसलेले लोकही ऐकायला होते. त्याच चर्चेतून औषधे, सुके अन्न, जनावरांचा चारा आणि नावाडी यांची यादी तयार झाली. ती आम्ही दर पावसाळ्याआधी तपासतो. वक्त्याचे आभार मानून विषय तिथेच मिटवला असता तर हे घडले नसते.

म्हणून या दोन दिवसांत काही गोष्टींवर मोकळेपणाने बोलावे, अशी विनंती आहे. वक्ता बोलत असताना निम्म्या सभासदांचे कॅमेरे बंद असतात. समोर काळे चौकोन पाहत बोलणे किती अवघड असते, हे ज्याने बोलून पाहिले त्यालाच कळते. निदान प्रश्नोत्तरांच्या वेळी तरी चेहरे दिसावेत. परिचय लांबतो आणि पाहुण्याचा वेळ त्यात जातो. तो आवरता घ्यावा. तीच ती प्रेरणादायी भाषणे क्लबांमागून क्लबांत फिरतात, त्याऐवजी ज्यांनी हाताने काही काम केले आहे अशांना बोलवावे. त्यांना कोण ऐकणार, ही शंका नको. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या महाराष्ट्रात इतकी वर्षे चालली, तिथे चांगल्या श्रोत्यांना तोटा नाही.

रक्तदानाला, वृक्षारोपणाला, नव्या सभासदाच्या ओळखीला प्रत्यक्षच भेटले पाहिजे, यात शंका नाही. माझे मत असे, की महिन्यातली एक सभा ठरवून ऑनलाइन घ्यावी, ती कायम ठेवावी आणि तिचे दार गावातल्या सर्वांना उघडे ठेवावे.

निवास, भोजन, औषधपाणी, कसलीही अडचण आली तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. स्वागतकक्षात एक वही ठेवली आहे. प्रत्येक क्लबने परत जाण्यापूर्वी तीत आपल्या तालुक्यातल्या एका जाणत्या माणसाचे नाव आणि विषय त्यांच्या संमतीने लिहावा: शेतकरी, परिचारिका, शिक्षिका, कारागीर, कोणीही. ती यादी सर्व क्लबांना पाठवण्याची जबाबदारी मिरजकरांनी घेतली आहे.