वाहन चालविण्याच्या परीक्षेचा दिवस
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षकाने परीक्षेविषयी बोलावे यात नवल नाही. परंतु आज ज्या परीक्षेविषयी मी बोलणार आहे, तिची शिकवणी आमच्या शाळेत होत नाही आणि तिचा निकाल दहा-पंधरा मिनिटांत लागतो. वाहन चालविण्याच्या परवान्याची ही परीक्षा. आपल्या शाळेतून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा, आणि आता पुष्कळ मुलीही, अठरा वर्षे पूर्ण होताच हिला बसतात. दहावीसाठी आपण वर्षभर घरातले वातावरण बदलून टाकतो. या परीक्षेची तयारी मात्र "ओळखीचा माणूस आहे, होऊन जाईल" एवढीच असते. माझे आजचे बोलणे या "होऊन जाईल"च्या विरुद्ध आहे.

प्रथम नियम सांगतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांप्रमाणे आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो. तो सहा महिने चालतो आणि तो हाती आल्यापासून तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस वाट पाहण्यासाठी नाहीत, शिकण्यासाठी आहेत. त्या काळात शेजारी पक्का परवाना असलेला शिकविणारा हवा आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडा "एल" हवा. कित्येकांना या पाटीची लाज वाटते. मला तर "मी शिकतो आहे, सांभाळून घ्या" असे रस्त्यावर उघडपणे सांगणारी ती पाटी फार प्रामाणिक वाटते.

आता प्रत्यक्ष दिवस. वेळ संगणकावर आधी घेतलेली असते. त्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. शिकाऊ परवाना मूळ स्वरूपात, वेळ मिळाल्याची पावती, आणि ज्या गाडीवर चाचणी देणार तिची कागदपत्रे, म्हणजे नोंदणी, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र, एका पिशवीत घालून रात्रीच ठेवा. गाडी आपणच न्यायची असते. तिचा ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न आणि आरसे घरून निघताना तपासा. आरसे काढून टाकलेली मोटारसायकल घेऊन चाचणीला येणारे बहाद्दर दिसतात. त्यांची परीक्षा सुरू होण्याआधीच संपलेली असते.

दुचाकीसाठी हेल्मेट लागतेच. भगिनींना सांगतो, ओढणी किंवा बुरख्याचा घोळ नीट आवरून, खोचून बसा. चाकात कापड अडकून झालेले अपघात आपल्या भागात थोडे नाहीत. स्कार्फवरही हेल्मेट घालावेच लागते. पायांत चप्पल नको, बूट असावेत.

दुचाकीवाल्यांना जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून गाडी फिरवून दाखवावी लागते. पाय जमिनीला टेकता कामा नये आणि रेषेबाहेर जाता कामा नये. हा आठच का? सरळ रस्त्यावर वेगात गाडी पळविणे कोणालाही जमते, गाडी आपसूकच तोल धरते. संथ गतीत, वळणावर, तोल सांभाळणे हे खरे कसब आहे. बाजारपेठेत, मशिदीसमोरच्या गर्दीत, शाळा सुटण्याच्या वेळी तेच उपयोगी पडते. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक हलकेच लावीत जावे. वळणात पुढचा ब्रेक दाबू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, नजर पुढच्या चाकावर ठेवू नये, जिथे वळायचे तिथे ठेवावी. गाडी नजरेच्या मागे जाते. चाकाकडे पाहणारा हटकून पाय टेकतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बिनगिअरच्या स्कूटरवर चाचणी दिली तर परवानाही बिनगिअरच्या दुचाकीचाच मिळतो. तो खिशात घालून भावाची मोटारसायकल नेली, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बिनपरवाना.

मोटारीच्या चाचणीत निरीक्षक शेजारी बसतात किंवा बाहेरून पाहतात. काही शहरांत आखीव मार्गावर कॅमेरेही पाहतात. बसल्याबरोबर किल्ली फिरवू नका. आधी आसन, मग आरसे, मग पट्टा, मग गिअर मोकळा आहे की नाही ते पाहणे. नियमांत जी यादी दिली आहे, तिची सुरुवात आरसा नीट करण्यापासून आहे. ती यादी लांबलचक आहे. इशारा देण्यापूर्वी आरशात पाहणे, डाव्या बाजूने चालणे, चौकात वेग कमी करणे, पादचाऱ्याला आधी जाऊ देणे, अरुंद जागेत मागे गाडी घेणे, हे सर्व तिच्यात आहे. शेवटी शेवटी तर इतरांशी सौजन्याने वागण्याचाही उल्लेख येतो. पादचाऱ्याला वाट देणे हा सभ्यपणा खराच, पण तो परीक्षेचाही विषय आहे, हे कित्येक वर्षे गाडी चालविणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

बहुतेक जण अडतात ते चढावर. चढावर गाडी थांबवायची आणि मागे तसूभरही न सरकू देता पुन्हा सुरू करायची. कृती अशी : हँडब्रेक ओढलेला ठेवा, पहिला गिअर टाका, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि क्लच सावकाश सोडा. एका क्षणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचे नाक किंचित वर उचलल्यासारखे वाटते. त्याच क्षणी हँडब्रेक सोडा. हे पुस्तकातून येत नाही, कानाने आणि पायाने शिकावे लागते, म्हणून शंभर वेळा करा. आपण कोकणातली माणसे. परशुराम घाटात किंवा कशेडीत, पावसात, मागे भरलेला ट्रक चिकटून उभा असताना गाडी चढावर थांबली, तर तिथे कोणाची ओळख कामाला येणार आहे? अरुंद घाटरस्त्यावर वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नियमही याच कारणासाठी आहे.

ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला शिकविणाऱ्याच्या पायाशी जोड ब्रेक आणि क्लच असतो. सोय चांगली आहे. पण महिनाभर शिकूनही गाडी प्रत्यक्षात मास्तरच थांबवीत होते, हे पुष्कळांना चाचणीच्या दिवशी कळते. शेवटचा आठवडा मास्तरांना स्पष्ट सांगा, "सर, पाय बाजूला ठेवा, चुकलो तरच दाबा." फी तुम्ही दिली आहे, सांगायला संकोच कसला?

निरीक्षकांची भीती बाळगू नका. सूचना ऐकू आली नाही तर पुन्हा विचारा, त्याचे गुण कापले जात नाहीत. गाडी बंद पडली तर घाबरून किल्ली फिरवू नका, गिअर मोकळा करा, मग सुरू करा. आणि नापास झालात तर? सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते. यात अब्रू जाण्यासारखे काय आहे? दहावीला पूर्वी ऑक्टोबरची वारी करणारे पुढे मोठे झालेले मी पाहिले आहेत.

आता पालकांशी दोन शब्द. नापास मुलगा घरी आला की आपल्यापैकी काही जण दलालाचा रस्ता धरतात. "पैसे गेले तरी चालतील, कार्ड मिळू दे." कार्ड मिळते, चढ मात्र तसाच राहतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. एवढ्या वस्तीचे एक शहरच म्हणा ना. आणि त्यांत तरुणांची संख्या मोठी आहे.

त्याहून कठीण गोष्ट म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती किल्ली देणे. आमच्या नववी-दहावीच्या वर्गांतली मुले शाळेच्या वळणाअलीकडे मोटारसायकल उभी करून चालत आत येतात, ते आम्हां शिक्षकांना दिसत नाही असे समजू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. लाडाने दिलेली किल्ली घर विकायला लावू शकते.

आपल्यातले कितीतरी जण आखाती देशांत चालक म्हणून पोट भरतात. दुबईत नोकरीला गेल्यावर आपल्या येथील परवान्यावर भागत नाही, तिथे नव्याने परीक्षा द्यावी लागते. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, सुकाणू डाव्या हाताला. तिथे नापास होणे खिशाला फार जड जाते. इथे आरशात पाहण्याची सवय मोडलेला माणूस तिथे ती कुठून आणणार?

मुलींच्या बाबतीत काही घरांत अजून कां-कूं होते. सौदी अरेबियातसुद्धा २४ जून २०१८ पासून स्त्रिया रीतसर मोटार चालवितात. रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले आणि कर्ता पुरुष परदेशी असला, तर दवाखान्यापर्यंत कोण नेणार, एवढाच प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

उत्तीर्ण झाल्यावर परवान्याचे कार्ड टपालाने घरी येते. म्हणून अर्जात मोहल्ला, वाडी, पिनकोड बिनचूक लिहा. पत्ता अर्धवट लिहिल्यामुळे कार्ड परत गेल्याच्या तक्रारी नेहमी ऐकतो.

शाळेच्या मागच्या पटांगणावर चुन्याने आठचा आकडा आखून ठेवला आहे. ज्यांच्याकडे शिकाऊ परवाना आणि हेल्मेट दोन्ही आहेत, त्यांनी चहापानानंतर तिकडे यावे. बाकीच्यांनी कडेला उभे राहून पाहावे.