विष, औषध आणि मज्जातंतूंचा निरोप

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



आम्ही शाळामास्तर. मुलांना विज्ञान शिकविणे हा आमचा पोटाचा धंदा, आणि आवडीचाही. चिटणिसांनी भाषणाचा विषय आमच्यावरच सोपविला, तेव्हा आम्ही विंचू आणि साप निवडले. मंगल प्रसंगी हा विषय कशास, असे कोणास वाटेल. त्याचे कारण शेवटी सांगू.

पायात काटा रुतला की पाय मागे येतो. पायाकडून निरोप वर गेला आणि हुकूम खाली आला. हे काम मज्जातंतू करतात. तंतूच्या पडद्यात बारीक दारे असतात. दार क्षणभर उघडते, सोडियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात, आणि दार लगेच मिटते. मग पुढचे दार उघडते. अशी ही लाट तंतूच्या टोकापर्यंत धावते. परंतु तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये फट आहे. ती ओलांडण्यासाठी तंतूचे टोक ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सोडते. निरोप जणू रस्त्याने नदीकाठी येतो, होडीतून पलीकडे जातो आणि तेथील कुलपाला किल्ली लावतो. तंतू असे रसायन सोडतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले. १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आता निसर्गातील विषे पाहा. प्रत्येकाने या वाटेवरची आपली जागा निवडलेली आहे.

आपल्याकडचा तांबडा विंचू रस्त्यावरची दारे धरतो. उघडलेले दार तो नीट मिटू देत नाही. तंतू निरोप धाडीतच राहतात. त्यामुळे शरीरात ॲड्रेनलीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो. लहान मुलांना याचा धोका फार.

नाग पलीकडच्या काठावर बसतो. त्याचे विष स्नायूवरील कुलपात अडकते, मग खरी किल्ली लागत नाही. मण्यार अलीकडच्या काठावर घाला घालते. ती होड्याच काय, धक्कासुद्धा मोडते. तंतूचे टोकच निकामी होते. दोहोंचा परिणाम सारखाच: पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. परंतु फरक मोठा आहे. नागाच्या दंशात प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन दिले तर उपयोग होतो, कारण त्यामुळे किल्ल्यांची संख्या वाढते. मण्यारीने धक्का मोडल्यावर मात प्रतिविष तो पुन्हा बांधू शकत नाही. ते काम शरीरच करते आणि त्यास दिवस लागतात. तोवर रोग्याचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. म्हणून मण्यारीच्या दंशात पहिल्या घटकांचे मोल सर्वांत अधिक.

जे विष तेच, ओळखून वापरले तर, औषध. दक्षिण अमेरिकेतील शिकारी बाणाला कुरारे लावीत. तेही पलीकडचेच कुलूप अडवते. १९४२ साली माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी ते शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यास वापरले. धोतऱ्यातील ॲट्रोपिन पोटात जास्त गेले तर माणूस बरळू लागतो. परंतु शेतावरच्या कीटकनाशकाची विषबाधा झालेल्यास हेच ॲट्रोपिन वाचविते, कारण तेथे रसायनाचा अतिरेक झालेला असतो.

विंचवाची कथा तर आपल्या कोकणातली. महाड परिसरात सरकारी दवाखान्यात काम करीत असता डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांजवळ रात्र-रात्र बसून लक्षणे टिपली. १९८२ साली त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरले. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एक-दोनांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आमची स्वतःची गोष्ट. आमचे आजोबा विंचू चावलेल्यावर दम करीत. हिंदू-मुसलमान सारेच त्यांच्याकडे येत. आजोबा फुंकर घालीत आणि लगेच म्हणत, “बाबा, आता डॉक्टरकडे जा.” ते निरक्षर होते. आम्ही पदवीधर.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, रात्री दोनच्या सुमारास, एका विद्यार्थ्याचे वडील आमच्या दारी आले. “मास्तर, पोराच्या पोटात कळ येतेय, म्हणतो काहीतरी चावलं.” आम्ही बत्ती घेऊन गेलो. मुलगा जमिनीवर चटईवर निजला होता. पाय पाहिला. सूज नाही, दाताची खूण नाही. आम्ही म्हणालो, “अपचन असेल. सकाळपर्यंत पाहू.” मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही, आणि पोटातली कळ हे तिचे लक्षण, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण त्या रात्री आठवले नाही. पहाटे मुलाला डोळे उघडता येईनात. मग धावपळ झाली. आपल्या संस्थेची गाडी मिळाली, आणि वाटेत श्वास मंदावत असताना मुलगा इस्पितळात पोचला. तो कित्येक दिवस यंत्रावर होता. अल्लाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या कष्टाने तो वाचला.

डॉक्टरांनी विचारले, “सकाळपर्यंत थांबा, असे कोणी सांगितले?” मुलाच्या बापाने आमच्याकडे पाहिले, पण बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. ते उत्तर आज या सभेत देत आहोत: आम्ही सांगितले.

म्हणून हात जोडून एवढेच सांगणे. दंशाचा नुसता संशय आला तरी थांबू नका. चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका, अवयव हलू न देता थेट इस्पितळ गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचे प्रतिविष एकच असते. साप मारून नेण्याची गरज नाही. दुवा, मंत्र ज्याने त्याने गाडीत बसून म्हणावेत.

आणि विश्वस्तांस एक विनंती. महोत्सवानिमित्त फाटकाशी कमान उभारण्याचा विचार आहे, असे ऐकतो. कमान शोभेचीच होईल. परंतु आपल्या वसतिगृहातील मुले अजून जमिनीवर निजतात. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्यालाच गाठते. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने तो धोका पुष्कळ टळतो. आधी खाटा घ्याव्या, उरलेल्या पैशांत कमान बांधावी. पैसे न उरले, तर पुढील महोत्सवात ही मुलेच ती बांधतील.